प्रश्न क्रमांक चौदा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. म्हणजे गेल्या वर्षीची, पण कोरी. वार तेवढे खोडून बदलायचे.

आजपासून आयुष्याला वळण. सर्वेक्षणाचं ट्रेनिंग काल संपलं. ज्यांची कुठेच नोंद नाही असे छोटे धंदे शोधायचे: गिरणीवाला, पंक्चरवाला, शिंपी, भडंगवाली. टॅबलेटवर बावीस प्रश्नांचा फॉर्म. एजन्सीत आम्ही अकरा जण. ३१ मार्चला त्यातला एक कायमचा सुपरवायझर होणार आणि बाकीचे दहा घरी. अट एवढीच, की सगळ्यात जास्त फॉर्म आणि एकही तक्रार नको. दहाही चेहरे नीट बघून घेतले. सगळी पोरं-पोरी. ती रेश्मा तर ट्रेनिंगमध्ये वहीत लिहून घेत होती! जागा माझीच. सोसायटीत सांगूनही टाकलं की झालो. महिनाभर आधी सांगितलं, एवढंच.

वय एकोणपन्नास. ही जागा गेली तर पुढे कुठे नाही. बायको, मयूरी, तसं बोलली नाही, पण चहा देताना तोंडाकडे बघत राहिली.

संकल्प: राग नाही. आधीच्या तीन नोकऱ्या तत्त्वासाठी सोडल्या. शोरूममधलं गिऱ्हाईक स्वतःच काचेवर पडलं होतं, माझा हात फक्त वाटेत होता. तरीपण यापुढे कुणी कितीही डोकं फिरवलं तरी शांत.

मयूरीला संकल्प वाचून दाखवला. बरं म्हणाली, आणि जाताना एसटी स्टँडवर दोन पिशव्या पार्सलला टाका म्हणाली. तिचा तो चटणीचा छंद. मागच्या शेडमध्ये मिरची कुटायचं मशीन घेऊन ठेवलंय, दोन बायका दिवसभर देठ खुडत बसतात, आणि मी शिंकतो. पण बाईमाणसाला विरंगुळा हवा. टाकतो पिशव्या.

४ मार्च, मंगळवार. रात्री ८

औंध. पहिला फॉर्म पूर्ण!

यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाथाजीची पिठाची गिरणी. माणूस भला. तेरा प्रश्न लोण्यासारखे गेले. चौदावा प्रश्न असा: या धंद्यातले निर्णय कोण घेतं? टॅबलेट एकच नाव घेतो. नाथाजी म्हणाला, आता कोन घेनार, मीच की. तेवढ्यात आतून त्याची बायको अंजना कोपरापर्यंत पिठाने माखलेली बाहेर आली आणि म्हणाली, व्हय का? मग जात्याच्या दगडाला टाकी लावून खाचा कवा पाडायच्या ते मला का इचारतासा? नाथाजी म्हणाला, तू आत जा. ती म्हणाली, न्हाई जात. मी म्हणालो, दोघांनी ठरवा, एकच नाव द्या, मला घाई नाही. दळणाला आलेल्या सहा-सात बायका होत्या, त्यांना साक्षीला उभं केलं. चारचौघांत माणूस खोटं बोलत नाही ही माझी थिअरी.

अंजनाबाईंनी लोखंडी मापटं नाथाजीला फेकून मारलं. नाथाजी खाली वाकला. मी वाकलो नाही, कारण मी सरकारी कामावर होतो.

डावा कान सुजलाय. पण उत्तर मिळालं: अंजना. नाथाजीने स्वतःच सांगितलं, पोत्यामागून.

सध्याच्या सुपरवायझरला, अनीशला, फोन करून कळवलं. वय सव्वीस, मला काका म्हणतो. म्हणे काका, चौदावा प्रश्न एकेकाला बाजूला घेऊन विचारायचा असतो, मॅन्युअलचं पान एकतीस वाचा. मी म्हणालो, बाळा, तू रांगत होतास तेव्हापासून मी माणसं वाचतोय. पान एकतीस वाचायचं कारण नाही.

७ मार्च, शुक्रवार

म्हसवड. चहा-मिसळीचं हॉटेल, चालवणारा जोतिबा. फौजेतून नाईक म्हणून रिटायर. मिशी, दंड, सगळं जागेवर. खुर्ची दिली, चहा दिला. चौदावा प्रश्न विचारला तर हात जोडून म्हणाला की हितं समदं सिद्धनाथाच्या मर्जीनं चालतंय, आमी निस्ते पोरं त्येची.

मी म्हणालो, जिवंत माणसाचं नाव हवं.

आता हे वाक्य चुकीचं नव्हतं. फॉर्मच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण जोतिबाने खुर्चीसकट मला उचललं. खुर्चीसकट! मग कॉलर धरून विचारलं, की नाथ जिता न्हाई म्हनतोस? पुना म्हन. मी पुन्हा म्हणालो नाही. हा भित्रेपणा नव्हे, हा संकल्प. तरीही त्याने मला खरकट्या भांड्यांच्या हौदात बसवलं आणि डोकं दोनदा आत घातलं, शिस्तीत, एक-दो. हॉटेलातली माणसं चहा पीत बघत होती. एकजण तर दुसऱ्याला जागा करून देत होता, नीट दिसावं म्हणून!

मनात आलं होतं की याचा हात पिरगाळून तिथंच लोळवावा. लोळवलाच असता. टॅबलेट भिजला असता म्हणून सोडला.

फॉर्म मात्र सोडला नाही. स्टँडवर बसून भरला. निर्णय घेणारे: सिद्धनाथ. वय: टॅबलेट नव्याण्णवच्या पुढे जात नाही. नव्याण्णव लिहिलं.

१० मार्च, सोमवार

आज घरी. कान, मान, गुडघा. मयूरीने हळद लावली. लावताना जरा जोरात दाबते.

विश्रांती कसली? शेडमध्ये मिरचीची चार पोती आली होती, ती आत घेतली. व्यायाम म्हणून. मग मसाला गार करायला पसरला. मग अकरा पार्सलं स्टँडवर. मयूरीने पाकिटांना लेबलं छापून घेतलीत, तिच्या नावाची! छंदाला लेबल कशाला? तिला स्पष्ट सांगितलं की ३१ तारखेनंतर हा पसारा बंद, सुपरवायझरच्या घरी मिरचीचा खकाणा शोभत नाही. बरं म्हणाली, आणि कराडचं पार्सल वेगळं ठेवायला सांगितलं.

फॉर्म आतापर्यंत नऊ. रेश्माचे एकतीस म्हणे. घाईचं काम.

१२ मार्च, बुधवार

सांगली. भडंगवाली आणि तिची सून पूजा. चौदावा प्रश्न दोघींना समोरासमोर उभं करून विचारला. सासूने झारा उचलला, सुनेने लाटणं. झाऱ्याला गरम तेल होतं. मी मध्ये पडलो आणि म्हणालो, अहो, शांतपणे एकच नाव ठरवा.

मग दोघींनी मिळून मला मारलं.

शेजारी म्हणाला की ह्या दोघी चार महिनं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आज पयल्यांदा एका बाजूला झाल्या. म्हणजे सामाजिक कार्यसुद्धा झालं. पाठीवर लाटण्याचे वळ, दंडाला फोड. फॉर्म अपूर्ण.

अनीशचा फोन. तीन तक्रारी म्हणे. मी म्हणालो, तक्रार करतात म्हणजे प्रश्न मर्मावर लागतोय. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

१७ मार्च, सोमवार. आटपाडी, लॉजवर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहून ठेवतो. उद्या कुणी काही म्हटलं तर लेखी असलेलं बरं.

वेल्डिंगचं दुकान. दोघे भाऊ, थोरला अर्जुना आणि धाकटा भाऊसो. पाटीवर वडिलांचं नाव. ते जाऊन अकरा वर्षं झाली. मी गेलो तेव्हा दोघे एकाच डब्यात जेवत होते. मलाही भाकरी दिली, ठेचा दिला. चौदाव्या प्रश्नाला दोघे एकदम म्हणाले की वडलांचं नाव लिवा. मी म्हणालो मेलेला चालत नाही. हसले. अर्जुना म्हणाला की ज्येच्या हातात काम आसल त्येचं चालतं, आमी कवा ठरीवलंच न्हाई.

ठरवलंच नाही म्हणजे काय? असं चालतं का कुठे? मी म्हणालो, समजा उद्या एका गेटची दोन डिझाइनं आली, एक तुम्हाला आवडलं, एक ह्यांना. मग? अर्जुना सहज म्हणाला, मग काय, थोरला मी हाय.

भाऊसोने घास खाली ठेवला. विचारलं की कवापासनं?

इथं मी थांबू शकलो असतो. पण उत्तर जवळ आलं होतं. मी म्हणालो, बोला, मनात ठेवू नका, मोकळे व्हा. आणि दोघे मोकळे झाले. आधी एका ट्रॉलीचा विषय निघाला, तीन वर्षांपूर्वीची, कुणी वाकडी जोडली ती. मग भाऊसोचं लग्न कुणी लांबवलं ते. मग वडील आजारी असताना कोण उशाशी होतं आणि कोण यात्रेला गेलं होतं ते. आवाज चढले. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला. अर्जुनाने कानफटात मारली. भाऊसो दोन पावलं मागे गेला, लोखंडी अँगलचा हातभर तुकडा पडला होता तो उचलला आणि थोरल्याच्या डोक्यात घातला. एकदाच. आवाज फार मोठा नव्हता. अर्जुना डब्यावर पडला.

रक्त एवढं असतं हे मला माहीत नव्हतं. टॅबलेटवरसुद्धा उडालं. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, म्हणून आधी पुसला. मग जो उभा होता त्याचं नाव लिहिलं: भाऊसो.

का लिहिलं? फॉर्म अर्धा ठेवायचा नसतो.

भाऊसोने तुकडा टाकून दिला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन दादा दादा करायला लागला. मग लोकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी गाडी बघायला रस्त्याकडे निघालो होतो, त्यांना वाटलं पळतोय. सात-आठ जण होते. बुक्क्या, लाथा, एकाने हेल्मेटने मारलं, माझ्याच. मनगट सुजून भाकरीएवढं झालंय. डाव्या हाताने लिहितोय.

चूक माझी नाही. प्रश्न छापील आहे.

१८ मार्च, मंगळवार

मनगट तडकलंय, प्लॅस्टर. ते बांधायला गेलो तर त्याच दवाखान्यात अर्जुना. सतरा टाके. शुद्धीवर आहे, पण एका कानाने ऐकू येत नाही.

माणुसकी म्हणून भेटायला गेलो. केळी घेतली होती. बाकावर त्यांची आई, बनुबाई. ओळख सांगितली. म्हातारीने सावकाश पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या बाजूला. नर्स धरायला आली तर तिला म्हणाली, तू सर बाई. मारता मारता रडत होती. म्हणाली की आवं, अकरा वरसं कुनी इचारलं न्हवतं म्हनून दुकान चाललं. तुमाला काय करायचं हुतं नाव घिऊन?

मी म्हणालो की सरकारला आकडेवारी लागते.

मग तिने केळीसुद्धा मारली.

२१ मार्च, शुक्रवार. सातारा

अनीश घरी आला. टॅबलेट घेऊन गेला. ओळखपत्रही. म्हणाला काका, तुम्ही आता घरी आराम करा, तुमचे फॉर्म रेश्मा बघेल. जाताना दारात थांबून विचारलं की पान एकतीस तुम्ही खरंच वाचलं नव्हतं का?

याचा अर्थ उघड आहे. सुपरवायझर फिल्डवर जात नाही, म्हणून आतापासूनच फिल्डवरून काढलं. टॅबलेट फॉर्म भरणाऱ्यांना असतो, वरच्या माणसाला लॅपटॉप मिळतो. मयूरीला समजावून सांगितलं. ती प्लॅस्टरकडे बघत होती. म्हणाली, एका हाताने पाकिटं धरता येतील ना? मी सील मारते.

चाळीस पाकिटं धरली. फावल्या वेळात.

२६ मार्च, बुधवार

आटपाडीला जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. एसटीने, चार तास, उभा. माझ्या वजनाने दोघा भावांची दिलजमाई करून द्यायची आणि तसं एजन्सीला कळवायचं असा प्लॅन होता. भाषणही तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं.

दुकानात मधोमध पत्रा उभा केलाय. पत्र्याच्या अलीकडे भाऊसो, त्याच्याकडे वेल्डिंग मशीन. पलीकडे अर्जुना, डोक्याला पट्टी, त्याच्याकडे कटर. कापल्याशिवाय जोडता येत नाही आणि जोडल्याशिवाय कापून उपयोग नाही, म्हणून दोघे नुसते बसलेत. वडिलांची पाटी काढून भिंतीला उलटी टेकवली होती. गिऱ्हाईक आलं, दोन्हीकडे बघितलं आणि गेलं.

बनुबाई दोघांच्या मध्ये, पत्र्याच्या टोकाशी, दोन डबे घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तयारीने गेलो होतो, चष्मा खिशात काढून ठेवला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

मारलं नाही.

भाषण तसंच राहिलं. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत चष्मा खिशातच राहिला. बाहेर तसंही बघण्यासारखं काही नसतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. एका हाताने तांब्या सरळ बसेना, मयूरीने बसवला. उद्या निकाल. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोलावे लागतील. सुरुवात: मित्रहो, माणूस वाचणं ही कला आहे.

अनीशने फोन उचलला नाही. सण आहे, बिझी असेल.

३१ मार्च, सोमवार. दुपारी ३

लिहावं की नाही.

सकाळी अकराला बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडलं. रेश्मा. गळ्यात नवं ओळखपत्र. सुपरवायझर! एकशे अठरा फॉर्म, तक्रार शून्य. नमस्कार काका म्हणाली. मी सत्कार समजून आत या म्हणालो. ती म्हणाली, या गल्लीत एक युनिट राहिलंय, मयूरी काकू आहेत का?

कुठलं युनिट? म्हणे मागच्या शेडमधलं.

तिला शेडकडे नेता नेता मी हसून सांगितलं, अहो, तो छंद आहे. माझं ऐकून देठ खुडणाऱ्या बायका हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या. मग रेश्मा म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? काही प्रश्न एकेकाला विचारायचे असतात. पान एकतीस! माझ्याच घरात!

बाहेर बसलो नाही. शेडच्या खिडकीखाली उभा राहिलो. सगळं ऐकलं. किती वर्षं? सहा. माल कुठे जातो? कराड, पुणे, बेळगाव. सहा वर्षं घर कशावर चालतं? हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही, मयूरी आपणहून सांगत होती. मग चौदावा. मयूरी थांबली. मला वाटलं आता माझं नाव येणार, काही झालं तरी वीस वर्षांचा संसार आहे. मशीन बंद होतं. मग ती म्हणाली, मी. आणि विचारलं की हे लिहिलंच पाहिजे का, त्यांना वाईट वाटेल.

त्यांना वाईट वाटेल!

मग काय झालं मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. आत गेलो. कुटलेल्या चटणीचा पाच किलोचा डबा होता, चांगल्या हाताने उचलला आणि भिंतीवर आपटला. मयूरीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हातभर. तेवढाच तो अँगलचा तुकडा होता. बायका किंचाळल्या. झाकण उडालं आणि सगळी चटणी पंख्याच्या वाऱ्याने माझ्याच डोळ्यांत, नाकात, प्लॅस्टरच्या आत. मी जमिनीवर पडून ओरडत होतो. आई गं, मेलो, मेलो.

नळाखाली डोकं धरलं ते मयूरीनेच. दोन्ही बायकांनी हात धरले होते. पाणी घालता घालता ती अगदी हळू म्हणाली की पूर्वी तुमची भीती वाटायची, ती केव्हाच गेली, आता नुसता कंटाळा येतो. आणखी एकदा असा डबा उचललात तर तुम्ही इथं नसाल, मी असेन. हे तिने फॉर्मसारखं सांगितलं, आवाज न चढवता. मला डोळे उघडता येत नव्हते म्हणून तिच्याकडे बघता आलं नाही.

रेश्माने विचारलं, काकू, फॉर्म बंद करू का? मयूरी म्हणाली, नको, पूर्ण करा.

मग माझ्या देखत, म्हणजे डोळे मिटलेल्या माझ्या देखत, उरलेले प्रश्न झाले. पगारी कामगार: दोन, दोघी महिला. बिनपगारी मदत करणारे घरचे सदस्य: एक, पुरुष, वय एकोणपन्नास, शिक्षण बी.कॉम. काम: पोती उचलणे, पार्सल पोचवणे. आठवड्याचे तास? मयूरीने जरा हिशोब केला आणि म्हणाली, बावीस.

रात्री ९

डोळे अजून चुरचुरतात. शेड धुऊन काढली, एका हाताने, भिंत दोनदा. मयूरी जेवायला वाढून आत गेली.

बावीस तास हे साफ चूक आहे. स्टँडवरचेच सोमवार ते शनिवार रोज दोन, म्हणजे बारा. पोती चार. पाकिटं धरणे, सहा. मसाला पसरणे आणि गोळा करणे, चार. झाले सव्वीस. शेड धुतली ते वेगळंच. नोंद आहे ती बरोबर असली पाहिजे. उद्या सकाळी रेश्मा मॅडमना फोन करून दुरुस्त करून घेणार. आधी कराडची पार्सलं टाकून येतो, साडेसातची गाडी आहे.